नखभर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुतणी पाया पडायला वाकली
आणि मी डावा पाय साडीत ओढून घेतला.
अंगठ्याचं नख पिवळं, जाड,
कडेनं जुन्या साबणासारखं भुगा होत चाललेलं.
"काकू, आशीर्वाद तरी द्या."
दिला. पाय नाही दिला.

आमचं काम गिरणाऱ्याच्या रस्त्यावरच्या वायनरीत.
टाक्या धुवायच्या, प्रेस धुवायचा, फरशी धुवायची;
द्राक्षं संपतात, पाणी संपत नाही.
गमबूट नवाचे, माझा पाय पाचाचा,
आत शिरलेलं पाणी दिवसभर माझ्यासोबत चालतं.
सकाळपाळीला ते मी घालायचे,
रात्रपाळीला लीलाबाई पिंगळे.
तिच्याही नखाचा रंग तसाच.
दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही.

लिंबू चोळलं. कडुनिंब उकळला.
मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली,
गजकर्णाला तीच, घामोळ्याला तीच, गोरं व्हायलाही तीच.
दीर म्हणाला, नख उपटूनच टाक ना.

शेवटी सुट्टी टाकून कॅनडा कॉर्नर.
डॉक्टर खैरनारबाईंनी पाय सरळ मांडीवर घेतला.
मला काही सुचेना, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.
त्यांनी नखाखालचा भुगा खरवडून काचेवर घेतला.
"आधी बघू बुरशी आहे का. प्रत्येक पिवळं नख बुरशीचं नसतं."
बुरशीचंच निघालं.
मग रक्त तपासलं, गोळी लिव्हरला सोसेल का म्हणून,
आणि साखरही, हातासरशी.
रोज एक गोळी, तीन महिने. ट्यूब कचऱ्यात.
"मग बरं होईल?"
"ते नख बरं होत नसतं हो. मागून नवं येतं,
जुनं कापत जायचं. वर्ष धरा. दीडही लागेल."

वर्ष म्हणजे छाटणी ते छाटणी, एवढं मला कळतं.

बोटांच्या बेचक्या पुसायला जुन्या धोतराचा तुकडा.
सुती मोजे दोन जोड, दुपारी बदलायचे.
नेलकटर वेगळा, त्याला लाल दोरा,
पोरांनी हात लावला की माझा आवाज चढतो.
अवघड होतं ते एकच:
"जोडवी काही दिवस काढा, खाली ओल राहते."
घरी हे सांगताना मी भांड्यांकडे बघत होते.
सासूबाईंनी कुंकवाचा करंडा पुढे सरकवला,
"ठेव यात. माझा लेक काय तुझ्या बोटात राहतो?"

लॅबमधल्या अस्मा तांबोळीला एकदा विचारलं,
रसात घालतो ते यीस्ट म्हणजे नक्की काय?
ती हसली. "बुरशीच. तुमच्या अंगठ्यातलीची लांबची चुलतबहीण."
त्या दिवशी मी बादलीत कोमट पाणी घेतलं,
बाळाच्या अंघोळीला घेतात तेवढंच कोमट,
त्यात एका बुरशीला हलक्या हातानं जागं केलं
आणि जेवण झाल्यावर
दुसरीला मारायची गोळी घेतली.

गोळ्या एप्रिलअखेर संपल्या. नख तसंच.
महिन्याला जेमतेम गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढं सरकतं म्हणे.
रोज बघू नका, बाईंनी बजावलं होतं.
मी रोज बघायचे.
श्रावणात मुळाशी एक गुलाबी चंद्रकोर दिसली,
मी ती कोणालाच दाखवली नाही.

गमबुटांसाठी मात्र सुपरवायझरशी भांडले.
आता पाच नंबरचे, आतून माझं नाव लिहिलेले,
पावडर टाकून उन्हात उलटे ठेवते.
"नखाएवढ्या गोष्टीसाठी एवढं?" तो म्हणाला.
हो. नखाएवढ्याच.

छाटणी सुरू झालीय. नख निम्मं माझं, निम्मं तिचं.
काल पाळी बदलताना लीलाबाई बाकावर टेकली,
इकडेतिकडे पाहिलं, बूट काढला,
आणि काही न बोलता पाय माझ्या मांडीवर ठेवला.
थंड होता, सुरकुतलेला, द्राक्षाचा वास.
मी पदरानं तिच्या बेचक्या पुसल्या.
कॅनडा कॉर्नर, म्हटलं, दुसरा मजला.
सोमवारी जा, गर्दी कमी असते.