फॉन्ट सापडत नाही

मृण्मयी म्हणते, बाबा, नियम सोपा आहे.
सहा महिन्यांत जे उघडलं नाही ते उडवायचं.
मी हो म्हणतो. अशोकस्तंभाजवळचा गाळा
महिनाअखेरीस सोडायचाय, आणि पाथर्डी फाट्याच्या घरात
एक टेबल मावेल, तेही भिंतीला लावून.

स्क्रीनवर लाल पट्टी : जागा संपत आली.
आम्ही पूर मोजतो दुतोंड्या मारुतीवर,
गुडघ्याला आला, कमरेला आला, छातीला लागला.
ही पट्टी गळ्यापर्यंत चढलीय
आणि मी पुलावरच्या बघ्यांसारखा
खारे दाणे खात उभा.

आधी मेल. न उघडलेले अकरा हजार चारशे बत्तीस.
बँक, विमा, पुन्हा बँक,
ओळखदेख नसताना वाढदिवसाला शुभेच्छा देणारे,
आणि त्या गर्दीत अंग चोरून बसलेलं एखादं :
'काका, प्रूफ पाहिलं. आजोबांचं वय एक्क्याऐंशी करा.'
केलं होतं.
बहुतेक केलं होतं.
उडवलं.

मग टेबलाखालचं.
पाठीला कुबड आलेला मॉनिटर,
सुरू झाला की शेजारचे दंडगव्हाळ सोनार
तराजू सोडून ओरडत यायचे तो डॉट मॅट्रिक्स,
पुरीसारखा फुगलेला एक मोबाइल,
सात चार्जर, ज्यांचं तोंड आता कुणाशीच जुळत नाही.
घंटागाडीवाला म्हणाला, हे ओल्यात बसत नाही, सुक्यातही नाही.
अंबडचा भंगारवाला ताणकाटा घेऊन आला.
पंचवीस वर्षं : बेचाळीस किलो.
तांब्याचे वेगळे देईन म्हणाला.

राहिल्या फायली.
उघडतात, पण मराठीत नाही.
फॉन्ट सापडत नाही, म्हणतो.
लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, द्राक्षपेट्यांची लेबलं,
सगळ्यांचं एकच कडबोळं झालेलं,
नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची खूण.
कचराच आहे हा, मृण्मयी म्हणते.
तिला दिसतो तो कचराच.
माझी बोटं मात्र मांडीवर हलू लागतात,
कारण यातली प्रत्येक खूण म्हणजे मी दाबलेली एक कळ,
आणि बोटांना फॉन्ट लागत नाही.

'धात्रक_पत्रिका_फायनल_फायनल_२.'
मला ही उघडायची नव्हती.

कुमुदिनी. मी छापलं कुमुदनी.
तीनशे पत्रिका, पहिली वेलांटी खाल्लेली.
पुन्हा छापायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, माझ्याकडे कागद नव्हता.
दुसऱ्या दिवशी नवरी स्वतः आली, लाल जेलपेन घेऊन,
याच टेबलाशी बसली,
आणि तीनशे वेळा आपल्या नावाला वेलांटी दिली.
मी चहा मागवला. तिने घेतला नाही.
शेवटच्या गठ्ठ्याला म्हणाली, एवढ्यांदा नाव लिहिलं तर
शाळेतसुद्धा शिक्षा संपते.
हसून म्हणाली का, ते आता आठवत नाही.

त्या कीबोर्डात वेलांटी आधी दाबायची, अक्षर मागून.
उच्चाराच्या उलट.
मी त्या कडबोळ्यात जागा शोधली,
कर्सर नेला, कळ दाबली.
पडद्यावर एक परकं अक्षर वाढलं, बाकी काही नाही.
बदल जतन करायचे? हो.
फाइल काढून टाकायची?
हो.

काय करत होता एवढा वेळ, मृण्मयीने विचारलं.
काही नाही, म्हटलं, शुद्धलेखन.
तीस दिवस ती टोपलीत राहील म्हणे,
मग आपोआप जाईल.

भंगारवाला टेम्पोत सामान चढवत होता.
मी त्यातून कीबोर्ड काढून घेतला.
साहेब, वजन झालंय, तो म्हणाला.
वजा कर की.
त्याने पुन्हा काटा लावला,
आणि पाऊण किलोचे पैसे कापले.