थोडं बाजूला सरका

वळीव चाळीस मिनिटं होता.
यादी करायला चार दिवस लागले.

बचत गटाची वही मागच्या बाजूनं उघडली.
पुढच्या पानांवर हप्ते, मागच्यावर पत्रे.
हुजरे, अकरा.
शमशाद शिकलगार, सात, आणि भिंत.
माळगे, नऊ. त्यातले दोन सापडले
मार्केट यार्डाच्या कंपाउंडवर,
उन्हातल्या पापडासारखे वळलेले.
आता ते गेलेले धरायचे की असलेले,
यावर रात्री दहापर्यंत वाद.

चुनाभट्टी वसाहतीत
आधी पत्रा उडतो की त्याच्यावरचे दगड,
हे कुणी पाहिलेलं नाही.
आम्ही सगळे कॉटखाली होतो.

तहसीलला गेलो तर लिंक नव्हती.
दुसऱ्या दिवशी लिंक होती, साहेब मीटिंगला.
तिसऱ्या दिवशी दोन्ही होते,
तर म्हणाले अर्ज ज्याचा त्याचा पाहिजे,
वसाहतीचा चालत नाही.
वादळ वसाहतीवर आलं होतं, मी म्हटलं.
"बरोबर हाय मावशी, पण खातं प्रत्येकाचं वेगळं."

आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान.
पासबुक ओलं. पहिलं पान दुसऱ्याला चिकटलेलं,
वाफेवर धरून सोडवलं,
तेव्हा शिल्लक तेवढी पुसली होती.
मग घरफाळ्याची पावती.
जिच्याकडं पावती नाही
तिचं घर पडलं तरी पडलेलं नाही.

मंगळवारी तलाठी आली.
नवीन पोरगी, परभणीकडची, चप्पल चिखलात तुटलेली.
फोनमध्ये अक्षांश, रेखांश.
आम्ही कुठं राहतो
हे इतकं नेमकं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर बसतं, म्हणाली,
खाली असेल तर निकषात बसत नाही.
शमशादचं बसलं. तिची भिंतच बसली होती.
हुजऱ्यांचं बसलं.
इंदूबाई कवठेकरांचं काही केल्या बसेना,
कारण इंदूबाईंनी सगळं झाडून काढलं होतं.
फुटकी कौलं चार पोती कोंडाळ्यात,
वर उधारीची निळी ताडपत्री,
दारात सडा, सड्यावर रांगोळी.
"फोटो कशाचा काढू, आजी?"

इंदूबाई काही बोलल्या नाहीत.
पदर खोचला, कोंडाळ्याकडं गेल्या
आणि एक पोतं ओढत आणलं.
दुसऱ्याला मी हात लावला. मग हुजऱ्यांची सून.
मग माळगे, ज्यांच्याशी त्यांचं
नळाच्या पाण्यावरनं तीन वर्षं बोलणं नव्हतं.
नुकसान आम्ही परत मांडलं
रुखवत मांडतात तसं,
मोठे तुकडे पुढं.
रांगोळी खाली गेली.

इंदूबाई मधोमध उभ्या राहिल्या,
केसांवरनं ओला हात फिरवून,
फोटोला राहतात तशा.
पोरगी फोनमधनं बघत म्हणाली,
"आजी, थोडं बाजूला सरका,
नुकसान दिसत नाही."

सरकल्या.

पंच म्हणून पाच सह्या.
पाचांपैकी एकाच्याही घराला त्या दिवशी छप्पर नव्हतं,
पण तसा रकाना नाही.
जाताना पोरीनं माझ्याकडं सेफ्टी पिन मागितली,
चपलेच्या अंगठ्याला.
ती तेवढी लगेच मिळाली.

कागद गेलाय. खात्यावर येईल म्हणतात,
आधी मेसेज येईल.
कुणाचाही फोन वाजला की गल्ली थांबते.
काल इंदूबाईंचा वाजला.
सिलिंडर बुक झाल्याचा होता.

कौलं त्यांनी अजून उचललेली नाहीत.
कुणी सांगावं, म्हणतात, परत फोटो मागतील.
रोज सकाळी त्यांच्याभोवतीनं झाडतात,
आणि पुढच्या मोठ्या तुकड्यांवरची
धूळ पुसून घेतात.