सुरगाठ

त्याचा डावा पाय माझ्या वाट्याला आला.
पाच जण होतो. डॉरिटनं भराभर वाटणी केली,
हात, हात, पाय, पाय, आणि डोकं तिच्याकडे.
टाचेला वाळू होती. पोलिसांनी किनाऱ्यावरून उचललेला,
जानेवारीत, अनवाणी.
तो लाथा झाडत होता, मी "शांत हो, माल्टे" म्हणत होतो,
जशी काही शांतता माझ्या खिशात होती
आणि तोच घेत नव्हता.

पट्टे रुंद, आतून मऊ.
एक बोट शिरेल एवढे सैल ठेवायचे, असा नियम.
मी घालून पाहिलं, शिरलं.
बोट माझं, मनगट त्याचं.

मग सगळे गेले, मला खुर्ची राहिली.
बांधलेल्यापाशी कुणीतरी बसायचंच,
डोळ्यांत तेल घालून,
दर पंधरा मिनिटांनी नोंद.
ओरडतो. ओरडतो.
रडतो, असं लिहायला रकाना नव्हता,
अस्वस्थ, असं लिहिलं.

याआधी मी बोटीवर होतो, थुबोरनला, एकवीस वर्षं.
बापानं पहिल्या दिवशी बजावलं होतं:
माणसाच्या कमरेला दोर बांधशील तर सुरगाठच मार,
एका हिसक्यात सुटणारी,
आणि तिचं टोक त्याच्या हाताशी ठेव.
निरगाठ पेट्यांना. मासे मेलेले असतात.
इथं तर गाठच नाही. काळी गुंडी,
आणि ती उघडणारं लोहचुंबक
डॉरिटच्या गळ्यात.

साडेतीनला तो म्हणाला, "नाक."
मला कळेना.
"नाक खाजतंय."
उठलो. हे कुठल्या कागदावर नव्हतं.
"डावीकडे. खाली. अरे, जरा जोरात."
बावीस वर्षांच्या परक्या पोराचं नाक
मी खाजवत राहिलो.
स्वतःच्या मुलाचं इतकं मन लावून
कधी पुसलंही नसेल.
"बास."
आणि बऱ्याच वेळानं, छताकडे बघत,
"पाय तूच धरला होतास ना?
नखं वाढलीत तुझी."

पावणेचारच्या रकान्यात मी लिहिलं: शांत.

सकाळच्या बैठकीत डॉक्टर म्हणाले,
माणसं कमी पडतात, काय करणार,
आपलेही हात बांधलेले आहेत.
सगळ्यांनी माना हलवल्या, मीही.
माझ्या एका हातात कॉफी होती,
दुसऱ्यात बिस्किट.

घरी आल्यावर कळलं, चुंबक माझ्याच खिशात.
पहाटे डॉरिट पाच मिनिटं बाहेर गेली होती,
तेव्हा माझ्याकडे दिलेलं.
पाच मिनिटं ते माझ्याकडे होतं.
ओट्यावर ठेवलं तर भाजीची सुरी
आपसूक सरकत आली त्याच्याकडे.
फोन केला. ती म्हणाली, दुसरं असतं रे,
नऊला सोडलं त्याला, पाव मागतोय.
संध्याकाळी येताना आण.

पडदा ओढून उताणा पडलो,
हात अंगालगत, सरळ.
नाक खाजायला लागलं.
किती वेळ हात हलवला नाही
ते सांगत नाही.

मग उठलो, पडदा सारला,
आणि खिडकीत बसून
नखं कापली.