रुकडीचा पूल

पायाच्या विहिरीत उतरायला
रत्नागिरीहून आणला होता पाणबुड्या,
इब्राम भाटकर.
पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं,
"ओहोटी कितीला?"
बिगारी पोट धरून हसले.
पंचगंगेला भरती वर्षाकाठी एकदा,
तीही न सांगता.

तरी तो बांबूवर खुणा करत राहिला
दिवसातून दोनदा,
जसा कुणी परगावी नमाज चुकवत नाही.

बांबू कधीच गेला.
तिसऱ्या खांबावर आता पांढरे पट्टे.
बाळगोंडा कीमन बॅटरी मारतो,
पाणी वरच्या पट्ट्याला टेकलं की
मिरजेला फोन: गाडी सोडू नका.
रात्रभर उसाची खोडकं, कुणाचं तरी दार
खांबाला थडकत राहतं.

पहाटे बोटभर पट्टा उघडा पडतो.
"ओहोटी लागली," तो म्हणतो.
समुद्र त्यानं पाहिलेला नाही.