सहा आठवडे

ग्दान्स्कच्या गोदीत बोगुमिला
जहाजाच्या पोटातले पाइप आखते, कागदावर.
शुक्रवारी संपणार होतं.
आज मॅनेजर म्हणाला, अजून सहा आठवडे, दर तोच,
उद्या दुपारपर्यंत सांग.

सहा आठवडे म्हणजे दाताचं काम,
हिवाळ्याचं थकलेलं गॅसबिल,
आणि भावाला पुन्हा फोन:
होडीला रंग तू एकटाच दे.

तिच्या पासवर तारखेचे तीन स्टिकर आहेत,
एकावर एक.
नखानं कोपरा उचलला
तर खाली मार्च निघाला,
मार्चच्या खाली गेल्या वर्षीचा नोव्हेंबर.
तेव्हाही ती म्हणाली होती, एवढंच.

कॅन्टीनमध्ये सूप निवत चाललंय.
‘हो’ लिहून ती थांबते.
पुढे दर लिहिते, जरा वाढवून.
पाठवत नाही.
आधी भावाला विचारते,
रंग कुठला आणलास?