कसर

बाहेर उणे एकवीस. पुलाखाली एमायोगी नदी पांढरी, गप्प.
आत अठरा अंश, बारा महिने अठरा.
मी हात धुते, पुसते, पुन्हा पुसते.
हातमोजे नाहीत. पाहुण्यांना ते खटकतं,
पण कागद बोटांनाच कळतो.

उशीवर पुस्तक उताणं.
या पुस्तकांना आमच्यात पाळण्यातली म्हणतात,
छपाई रांगायला लागायच्या आधी जन्मलेली.
सव्वापाचशे वर्षांचं तान्हं,
चार किलोचं, कण्यात मोडलेलं.

मुद्रक: ल्युबेकचा कुणी, नाव नाही.
साल: चौकटी कंसात, म्हणजे आमचा अंदाज.
ओळी: दर पानाला एकेचाळीस.
मला ही भाषा नीट वाचता येत नाही,
मोजता येते.

अठ्ठाविसाव्या पानावर एक खिळा निसटून आडवा पडलाय,
अक्षराच्या जागी त्याची कूस छापली गेलीय,
बारीक, काळी.
जुळारी पेंगत होता,
की घरी त्याची बायको अडली होती?
याला रकाना नाही.
मेणाच्या थेंबालाही नाही.
राय धान्याची एक काडी खूण म्हणून ठेवून
कुणी उठून गेलं, परत आलंच नाही,
तिला फक्त पाकीट आहे.

कसरीला मात्र आहे. "कीड लागलेली", एवढाच.
खरं तर ती पुढच्या पुठ्ठ्यातून आत शिरली,
बावीस पानं नाकासमोर गेली,
मग डावीकडे वळली, समासाबाहेर,
जणू मजकूर तिला पटला नाही.

खोक्यात जुनं कार्ड, एकोणीसशे अडुसष्टचं,
वाइके सार्निटच्या पेन्सिलीतलं, प्रत्येक ट कुंपणाच्या खांबासारखा:
"पान सतरा नाही."
आणि खाली, नियमाबाहेरचा एक शब्द,
"शोधलं."

मार्चमध्ये उर्मसने वर्कशॉपमधून हाक मारली.
कायद्याचं एक पुस्तक, सत्तर वर्षांनी धाकटं,
पुठ्ठ्याचं अस्तर सुटून आलेलं.
अस्तर म्हणजे छापील पान.
मी वाचण्याआधी मोजलं. सदतीस ओळी.
खालच्या चार बांधणीवाल्याने सुरीने उडवलेल्या.
त्याला पुठ्ठा जाड हवा होता, इतकंच.

आणि अकराव्या ओळीत, एका गोल अक्षराच्या पोटात,
मोहरीएवढं भोक.

सोळाव्या पानाचा फोटो काचेवर धरला,
वर हे, वर अठरावं.
उर्मसने मागून दिवा लावला.
तिन्हींतून एकच उजेड आला.

काढायचं नाही, हा नियम.
चोरीला चारशे साठ वर्षं झाली
की तिचाही इतिहास होतो.
म्हणून मी दोन नोंदींत दोन ओळी लिहिल्या,
इथे "तिकडे पाहा", तिथे "इकडे पाहा",
एकाच गल्लीत राहून न बोलणाऱ्या बहिणींसारख्या.

रविवारी एल्वाची बस पकडली.
वृद्धाश्रमात वाइके खिडकीपाशी, एकोणनव्वद वर्षांची,
हात इतके कापणारे की कपाला दोन कान.
मी म्हटलं, सतरा सापडलं.
कुठलं सतरा, असं तिने विचारलं नाही.
विचारलं, "चिकटवलंय कुठल्या अंगाने?"
"सुलटं आपल्याकडे."
"म्हणजे उलटं अजून डिंकात."
तिने कॉफीत साखर मागितली, तिसऱ्यांदा.
"त्याच्यावर काय असेल?"
मला माहीत नव्हतं.
तिला फार बरं वाटल्यासारखं दिसलं.

सोमवारी नवं कार्ड टाइप केलं.
तिचं जुनं फेकायचं होतं.
"नाही" आता चूक आहे,
"शोधलं" चूक नाही.
मी ते पाकिटात ठेवलं,
रायच्या काडीशेजारी,
आणि पुढचं पुस्तक उशीवर घेतलं. हात धुतले. पुसले.