जोडांची वही

मी जोड पेन्सिलीनं लिहितो.
शाईनं लिहिणारे जोडवाले या धंद्यात टिकत नाहीत.

वडणग्याच्या मैदानाला सहा दिवस होते
आणि वहीत चोपन्न कुस्त्या ओळीनं लागल्या होत्या.
आधी रेवड्यांवर लढणारी बारकी पोरं,
मग शंभराच्या, मग पाच हजारांच्या,
मधे एक चटकन निकाली निघणारी,
उन्हं कलताना माणसं चहाला उठू नयेत म्हणून,
आणि सगळ्यात शेवटी साताप्पा डोणे.
त्याच्यासमोर पानिपतचा एक उभा दगड.
रात्री पडल्या पडल्या मी अख्खं मैदान बघायचो,
हलगी कुठं चढणार, कुठं दम खाणार,
तेसुद्धा.

सोमवारी साताप्पाचा गुडघा गेला.
सरावाला कुणी पाहुणा आला होता,
त्याला दाखवायला एक टांग जास्त मारली.
मंगळवारी पानिपतच्या फोनवर ती बाई बोलायला लागली,
फोन बंद आहे म्हणून.
बुधवारी मुजावरच्या प्रेसमध्ये पोस्टरं वाळत होती,
दोघंही मांडीवर थाप मारून उभे.
"वरनं पट्टी चिकटवू का?" मुजावर म्हणाला.
म्हटलं, ऱ्हाऊ दे.
कागदावर तरी लढू देत.

दूध कट्ट्यावर, हातात धारोष्ण पेला,
मी खालनं वर खोडत आलो.
एक जोड उपसली की तिच्यावरच्या चार हलतात.
एकाचं वजन नऊ किलो कमी.
एक म्हणाला, त्याच्याशी कसा लढू, माझ्या मावशीचा हाय.
एकाचं लगीन. एकाला पोलीस भरतीचा कॉल.
आकाराम वस्ताद शेजारीच उभे, मिशीला साय.
"धरलेला डाव लागंना झाला," म्हणाले,
"तर हात सोडायचा न्हाई.
त्याच्याच पोटातनं दुसरा काढायचा.
ढाक हुकली तर तिथंच टांग हाय."
म्हटलं, वस्ताद, टांग मारायला समोर माणूस तर पायजे!
ते हसले.
दुधाचे पैसे मी दिले.

रविवारी शेवटची कुस्ती लावली
एकाच तालमीतल्या दोघांची.
एका ताटात जेवणारे,
एकमेकांच्या पाठीला तेल चोळणारे.
असली जोड लावू नये, हे पहिल्या वर्षीच शिकलो होतो.
वीस मिनिटं नुसती खडाखडी.
ह्याचा घिस्सा त्याला पाठ, त्याची मोळी ह्याला.
"नुरा हाय, नुरा!" पब्लिक पेटलं,
आणि माइक माझ्या हातातनं घामानं निसटायला लागला.

तेव्हा किसन आवळ्यानं चाल मोडली.
हलगीवर एक घाव खाल्ला,
दुसरा येईल म्हणून सगळे थांबले,
तो आलाच नाही.
त्या मोकळ्या जागेत धाकटा खाली शिरला
आणि असं काहीतरी केलं
जे त्या तालमीत कुणी कधी केलं नव्हतं.
बत्तीस वर्षं निवेदन करतोय,
मला त्या डावाचं नाव येईना.
मी गप्प. भोंगा गप्प.
थोरला पडला नाही,
पण धाकट्याकडं बघताना
पहिल्यांदाच त्याला तो परगावचा वाटला.

अंधार पडला. पंचांनी बरोबरीत सोडवली.
अर्धं पब्लिक शिव्या देत गेलं,
अर्धं एस.टी.च्या वाटेवर
तो डाव एकमेकांवर करून बघत.

घरी वही उघडली.
चोपन्नावी ओळ खोडून खोडून
कागद तिथं जुन्या धोतरासारखा झालाय,
पलीकडचं पान दिसतंय.
पलीकडं बानग्याचं मैदान.
तेवढ्यात साताप्पाचा फोन:
"गुडघा बरा हाय. शेवटाला माझं नाव लिवा."

लिहिलं.
हलक्या हातानं.